लॅपटॉपच्या बॅगेतली थापी

आमच्या घरात खंडेनवमीची तयारी आबा स्वतः करतात. बाकी वर्षभरातले सणवार आईवर असतात; आबा हातपाय धुऊन नमस्काराला येतात तेवढेच. पण खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ते पडवीत गोणपाट अंथरून हत्यारं घेऊन बसतात आणि त्या वेळी कुणी मदतीला गेलेलं त्यांना खपत नाही. कोयता, विळे, कुदळ, पंपाचे पान्हे, आणि बैल विकून बारा वर्षं झाली तरी जपून ठेवलेला नांगराचा फाळ. मागच्या अंगणातल्या नळावर एकेक घासून आणायचं, पुसायचं, तेलाचा हात फिरवायचा. आमच्या गावात, नांद्यात, आता आमची भाताची दोन खाचरं उरली आहेत. बाकीच्या जमिनीवर लोकांच्या सोसायट्या उभ्या आहेत आणि घराला लागून आमची स्वतःची तीन मजली इमारत आहे, जवळजवळ सगळी भाड्याने दिलेली. हत्यारं मात्र होती तेवढीच आहेत. माती लागलेला विळा कुणी तसाच टांगला तर आबा आजही दोन दिवस धड बोलत नाहीत.

नवमीला सकाळी हे सगळं पाटावर मांडलं जायचं. शेजारी आईचं शिलाई मशीन, गाडीची चावी, आणि सगळ्यात शेवटी माझी काळी लॅपटॉपची बॅग. बॅगेला आईकडून कुंकवाचं एक बोट, वर एक झेंडूचं फूल. चेन लावलेली. सात वर्षं त्या बॅगेची पूजा अशी चेन न उघडताच झाली, कारण आत लॅपटॉप नव्हता. आत एक मोठी थापी, एक लहान, रबरी हातोडा, फूटभर लांबीची लेव्हल, दोरीचा गुंडा, काटकोन बघायचा गुण्या आणि एक जुना टॉवेल असायचा. मी फरशी बसवतो.

हे काम मला कुणी लावलं नाही, माझं मीच लावून घेतलं. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षात दोनदा आपटल्यावर मी घरात तोंड लपवून फिरत होतो. तेव्हा आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या एका खोलीत राजस्थानचा एक मिस्त्री भाड्याने राहायचा. एक दिवस वेळ जात नव्हता म्हणून त्याच्या मागे बाणेरच्या एका साईटवर गेलो. तो सबंध खोलीत आधी नुसत्या कोरड्या फरश्या मांडून बघत होता. मी कारण विचारलं. त्याने सांगितलं, पूर्ण फरशी कुठेही बसते, तुकडा कुठे लपवायचा ते आधी ठरवावं लागतं. पलंग कुठे येणार, दार कुठल्या बाजूला उघडणार, हे त्याने घर विकत घेणाऱ्याच्या आधी मनात ठरवून टाकलं होतं. मग बसवलेली फरशी हातोड्याच्या दांड्याने ठोकून तो कान देऊन ऐकायचा. खाली सिमेंटचा माल नीट भरला असेल तर आवाज दबका येतो, पोकळ राहिली असेल तर टणटणीत. संध्याकाळपर्यंत मला डोळे मिटून पोकळ फरशी ओळखता यायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा मला एखादी गोष्ट पहिल्या दिवशी जमली होती आणि मी खूश होतो.

आबांना कळलं तेव्हा ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, ओरडून झाल्यावर ते निवळतात. त्यांनी मला पडवीत बोलावलं आणि समोर बसवलं. आपल्या इमारतीचं बांधकाम झालं तेव्हा गवंडी ह्याच पडवीत जेवायचा, त्याला आतून ताट यायचं, आणि आपण चार माणसांना काम देणारी माणसं आहोत, एवढं सांगून झाल्यावर त्यांनी अट घातली.

"काय बी कर. पर गावात तुज्या हातात थापी दिसली न्हाई पायजे."

मी मान्य केलं. मान्य करायला मला फारसं जड गेलं नाही, हेही खरं. काम मिळतंय ना, मग ते कोण बघतंय याच्याशी मला काय करायचंय, असं तेव्हा वाटायचं. बॅग आईने शोधून काढली. खोली सोडून गेलेल्या एका भाडेकरूने ती मागे टाकली होती. कुठल्याशा कंपनीचं चिन्ह तिच्यावर शिवलेलं होतं. आईने ती धुतली, वाळवली आणि माझ्या डब्याशेजारी ठेवली. त्या दिवसापासून मी इस्त्रीचा शर्ट घालून, पाठीला ती बॅग लावून साडेआठला घरातून निघायला लागलो. मारुंजीत एका टाइल्सच्या दुकानामागे कपडे बदलायचे, तिथेच ठेवलेलं फरशी कापायचं कटर गाडीला बांधायचं आणि साईट गाठायची. संध्याकाळी पुन्हा इस्त्रीचा शर्ट. हिंजवडीच्या सिग्नलला माझ्या पुढे-मागे शंभर दुचाकीवाले असायचे आणि सगळ्यांच्या पाठीला तशीच काळी बॅग. त्यात माझीच सगळ्यात जड असावी.

गावाला काही कळलं नाही असं मुळीच नाही. नखात अडकलेलं सिमेंट इस्त्रीच्या शर्टाने झाकलं जात नाही. पण गावात एक रीत असते. ज्याला लपवायचंय त्याच्या तोंडावर कुणी बोलत नाही, पाठीमागे पोटभर बोलून घेतात. आबा म्हणायचे, "पोरगा हिंजवडीला हाय," आणि ऐकणारे मान डोलवायचे. ते खोटंही नव्हतं. हिंजवडीतल्या कितीतरी घरांत मी गुडघ्यांवर चाललेलो आहे.

या कामाने मला एक खोड लागली. कुणाच्याही घरी गेलो की मी आधी खाली बघतो. लोकांना वाटतं मुलगा लाजाळू आहे. मी सांधे बघत असतो. तसंच आमच्या इमारतीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या घराचं बाथरूम मला पहिल्या दिवसापासून खुपत होतं. त्याचा उतार चुकलेला होता. पाणी जाळीकडे जायचं सोडून दाराकडे यायचं, उंबऱ्याशी साठायचं आणि तिथून खाली झिरपायचं. खालची पहिल्या मजल्यावरची खोली त्यामुळे ओली राहायची. आबांनी ती कुणाला भाड्यानेही दिली नव्हती. दुपारी ते स्वतः तिथे खाट टाकून पडायचे, कारण तिथे वारा चांगला येतो. छताचे पोपडे त्यांच्या अंगावर पडायचे. त्यांनी दोनदा बाहेरचा माणूस बोलावला. पहिल्याने सांध्यात पांढरं सिमेंट भरलं. दुसऱ्याने वरून कसलंसं द्रावण फासलं आणि आता दहा वर्षं बघायला नको म्हणून सांगून गेला. दोन महिन्यांत ओल पुन्हा होती तिथे. मी जेवताना एकदा सांगून बघितलं की, वरून फासून काही होणार नाही, फरशी उखडून उतार नव्याने काढावा लागेल, मी करतो. आबा भाकरी मोडत राहिले.

त्या घरात गेल्या वर्षी नवा भाडेकरू आला. मराठवाड्यातला, माझ्याच वयाचा, एका आयटी कंपनीत नोकरीला. स्वभावाने अगदी सरळ. आबा जे सांगतील ते तो खरं मानायचा, त्यामुळे मी हिंजवडीत 'कंपनीत' आहे यावर इमारतीत फक्त त्याचाच विश्वास होता. जिन्यात भेटला की माझी बॅग बघून विचारायचा, आज ऑफिस का? मी हो म्हणायचो. गणपती होऊन गेल्यावर त्याने आबांना नम्रपणे सांगितलं की बाथरूमचं काही होणार नसेल तर तो दुसरीकडे बघेल. आबांनी ज्या मिस्त्रीला काम सांगितलं होतं तो आठ दिवस उद्या येतो म्हणत राहिला. शेवटी एका दुपारी आबांच्या चहाच्या कपात छताचा पोपडा पडला. त्या रात्री जेवताना माझ्याकडे न बघता ते म्हणाले, की तू कर, पण दिवसा, भाडेकरू ऑफिसला गेला की.

मी तीन दिवस तसंच केलं. पहिल्या दिवशी जुनी फरशी उखडली. मग खालचा थर साफ करून वॉटरप्रूफिंग केलं आणि जाळीचं तोंड बांधून दीड दिवस पाणी साठवून ठेवलं. खालच्या छतावर एक थेंब आला नाही. भाडेकरू सकाळी जायचा, मी त्याच्या नंतर चढायचो, तो यायच्या आत उतरायचो. तेवढे दिवस तो अंघोळीला शेजारच्या रिकाम्या खोलीत जात होता. चौथ्या दिवशी फरशी बसवायला घेतली आणि नेमका त्या दिवशी तो घरूनच काम करत होता. मला हे दार उघडं दिसल्यावर कळायला हवं होतं. मला वाटलं, जाताना उघडं ठेवून गेला.

अकराच्या सुमाराला तो चहा घेऊन आला. कागदी कप होता. आत कुणी मिस्त्री बसला आहे एवढंच त्याला ठाऊक होतं. मी अर्धी चड्डी घालून गुडघ्यांवर होतो, हात कोपरापर्यंत मालात. त्याने मला ओळखलं आणि कप घेऊन परत गेला. पुन्हा आला तेव्हा चहा चिनी मातीच्या कपात होता, शेजारी बशीत दोन बिस्किटं. तो दाराशी उकिडवा बसला आणि आवाज खाली आणून त्याने मला विचारलं, "लेऑफ झाला का?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात जिन्यावर आबा दिसले. काम कसं चाललंय ते बघायला चढले होते. भाडेकरू उठून उभा राहिला आणि त्यांनाच धीर द्यायला लागला. काका, टेन्शन घेऊ नका, मार्केटच डाऊन आहे, माझ्या टीममधलेही चार जण गेले, यात तुमच्या मुलाची काही चूक नाही. घरात बसून राहण्यापेक्षा तो हाताला मिळेल ते काम करतोय ही किती मोठी गोष्ट आहे, असंही म्हणाला. त्याचे डोळे खरोखर पाणावले होते.

आबांनी माझ्याकडे बघितलं. मग त्याच्याकडे.

"व्हय," ते म्हणाले. "काय करनार. कंपनीच बंद पडली."

मी पुढची फरशी उचलून बसवली आणि ठोकली. सात वर्षांत आबांवर इतका राग मला कधी आला नव्हता. बॅगेचं मला काही वाटत नसे, ती पाठीवर गप्प असायची. हे त्यांनी माझ्यासमोर, माझे हात त्यांच्याच इमारतीच्या मालात असताना सांगितलं. बसवलेल्या फरशीपेक्षा बंद पडलेली कंपनी त्यांना बरी वाटली. मी काम पुरं केलं, सांधे भरले, तांब्याभर पाणी ओतून ते दारापासून जाळीपर्यंत सरळ जाताना बघितलं. मग थापी न धुता तशीच बॅगेत कोंबली. असं मी कधी केलं नव्हतं, आणि त्यानंतर बरेच दिवस ती बॅग उघडलीही नाही.

भाडेकरू मनाचा चांगला होता आणि सगळा घोटाळा त्या चांगुलपणानेच केला. त्याने केस कापताना सलूनमध्ये सहज विचारलं, आमच्या घरमालकांच्या मुलासाठी कुठे काही आहे का, त्याची नोकरी गेली. गावाला इतकी सोय कधी झाली नव्हती. सात वर्षं तोंडावर न बोललेलं आता सहानुभूतीच्या नावाखाली बोलता येत होतं. चहाच्या टपरीवर आबांना रोज कुणीतरी विचारायचं, की कंपनी कधी चालू होणार, मालक परदेशात पळाला म्हणतात ते खरं का, सरकार काही देणार आहे का. आबा दोन दिवसांत टपरीवर जायचे बंद झाले. इकडे भाडेकरू माझा बायोडेटा मागत होता. कुठल्या टेक्नॉलॉजीवर होतो, एवढं तरी सांगा म्हणाला. आबांनी त्याला सांगितलं, कॉम्प्युटरवर.

आणि मग मामा आला. मामा माले गावात असतो, पौडच्या पुढे. थोडी जमीन आहे, भात करतो, आणि आमच्या घरात तो नेहमी जावयाचा मान ठेवून, दबकून वावरलेला आहे. बातमी त्याच्यापर्यंत कोणत्या वाटेने गेली माहीत नाही. नवरात्राच्या पाचव्या-सहाव्या दिवशी तो गाडीवर तांदळाचं पोतं बांधून आला. ते एकट्याने उतरवून त्याने पडवीत ठेवलं, घाम पुसला आणि आबांसमोर बसला.

"लाजू नका दाजी," तो म्हणाला. "दिस सगळ्यांवर येत्यात. अजून लागलं तर सांगा."

आबांचा चेहरा मी बाजूने बघत होतो. गावची थट्टा त्यांनी रागाने झेलली असती, पण मामा थट्टा करत नव्हता. ज्याने आयुष्यभर त्यांच्या घरी येताना पायताण बाहेर लांब काढून ठेवलं तो माणूस त्यांना तांदूळ द्यायला आला होता, आणि देताना आनंदात नव्हता, काळजीत होता. आबांना तो परत ने म्हणता येईना आणि आत घे असंही म्हणता येईना. पोतं पडवीतच राहिलं. येणारा-जाणारा त्याला वळसा घालून जायचा. (तो तांदूळ आम्ही नंतर दिवाळीपर्यंत खाल्ला. जुना होता, फार छान भात झाला.)

त्या दिवसांत दुपारी आबा त्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीत खाटेवर पडलेले असायचे. मी एकदा डोकावलो. ते झोपलेले नव्हते. छताकडे बघत होते. ओलीचा काळा डाग आक्रसून ताटाएवढा उरला होता आणि कडेने पांढरा पडत चालला होता.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आबांनी नेहमीसारखी हत्यारं घासली. सकाळी पाट मांडला. भाडेकरूला आईने आवर्जून बोलावलं होतं. गाव लांब, सणाला इथे एकटा. तो अंघोळ करून, नव्या बाथरूमचं कौतुक करत, लॅपटॉप छातीशी धरून आला. कोयत्याशेजारी त्याने तो अलगद ठेवला. आईने लॅपटॉपला कुंकू लावलं आणि सवयीने माझी बॅग आणून त्याच्याशेजारी ठेवली. वर फूल ठेवणार तेवढ्यात भाडेकरू हळू आवाजात म्हणाला, की ही रिकामीच असेल ना काकू, लेऑफ झाला की कंपनी लॅपटॉप परत घेते. पण राहू द्या, पुढच्या वर्षी नक्की नवा असेल. असं म्हणून त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

आबा पाटासमोर बसले होते. हळदीची वाटी त्यांनी खाली ठेवली. बॅग स्वतःकडे ओढली आणि चेन उघडली. सात वर्षांत त्यांनी त्या बॅगेला पहिल्यांदा हात लावला. वरचा टॉवेल काढला, लेव्हल काढली, हातोडा काढला, एकेक पाटाशेजारी ठेवलं. मग थापी बाहेर आली. तिच्या मानेला आणि पात्याच्या एका कडेला माल दगडासारखा धरला होता. आबांनी त्यावरून अंगठा फिरवला.

"हत्यार असं ठेवत्यात व्हय?"

आवाज तोच होता, माती लागलेल्या विळ्यासाठी असतो तो. मला लाज वाटली, खरी लाज; अडाणी मजुरानेही टाकू नये तशी मी ती टाकली होती. आणि लाज वाटत असतानाच बरंही वाटलं, कारण हा आवाज त्या घरात फक्त हत्याराच्या वाट्याला येतो. भाडेकरू गोंधळून एकदा थापीकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. आबा त्याला म्हणाले, "त्याची कंपनी बिंपनी काय नव्हती. त्यो फरशी बसवतोय. सात वर्सं झाली."

मग ते थापी घेऊन उठले, पडवीतून उतरले आणि दारातल्या नळाशी जाऊन बसले. विटेचा तुकडा घेतला आणि घासायला लागले. सणाची सकाळ, रस्त्यावर येजा चालू होती. टपरीवर रोज कंपनीची चौकशी करणारा एक जण गाडी हळू करून थांबला आणि काय घासताय म्हणून त्याने विचारलं. आबांनी मान वर केली नाही.

"थापी हाय," ते म्हणाले. "पोराची."

तो माणूस गाडी काढून गेला. आबा घासत राहिले. वाळलेला माल लवकर निघत नाही, चांगला पाव तास गेला असेल. दारातला नळ अगदी रस्त्यावर आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याला सगळं दिसतं. हत्यारं धुवायला आबा एरवी मागच्या अंगणात जातात.